तीन दाढा

नेवेन्का, तुझ्या तीन दाढा
अजून माझ्या खणात आहेत,
पावतीपुस्तकांच्या मागे, औषधाच्या एका जुन्या बाटलीत.
उजव्या बाजूच्या, वरच्या.
पहिली मार्चमध्ये काढली, दुसरी मे महिन्यात.
तिसरी तू स्वतःच काढायला लावलीस:
"इथेच आहे ते, गालफडाच्या आत, ठोके पडतात.
काढा डॉक्टर, एकदाची काढा."
काढली.
दवाखाना बंद केल्यावर भिंगाखाली धरून पाहिली.
कीड नव्हती. मुळं शाबूत,
सोललेल्या बदामासारखी पांढरी.
मी तुला सांगितलं नाही.

पुंता अरेनासमध्ये कुठल्याही दुखण्यावर
आधी वाऱ्याचं नाव पडतं.
तुझी सासू म्हणाली, वारं कानात शिरलंय.
कान-नाक-घसावाल्याने सायनस धुऊन दिलं, दोनदा.
लोकरीच्या गोदामात गाठोडी मोजताना
तू गालाला मफलर बांधायचीस,
लोक म्हणायचे, दातदुखी.
मीही लोकांतलाच.

मग चियानहून ती पोरगी आली,
मज्जातंतूंची डॉक्टर, महिन्यातून दोनच दिवस बसणारी.
तिने तुला तोंड उघडायला सांगितलं नाही.
विचारलं, दुखायला लागलं की तुम्ही काय करता?

कुठे दुखतं, हे आम्ही सगळ्यांनी विचारलं होतं.

तू म्हणालीस, पडदे ओढते.
रादोमिरला रेडिओ बंद करायला लावते.
मासे तळल्याचा वास आला की ओकते.
पडून राहते. सात तास, कधी दोन दिवस.
उठते तेव्हा गाल माझाच असतो पुन्हा.
आणि तरुणपणी?
तरुणपणी डोकं दुखायचं, अर्धंच, याच बाजूचं.
आईचंही दुखायचं.
पाळी गेली आणि थांबलं ते.

थांबलं नव्हतं.
तिने मला पत्र लिहिलंय, जुने एक्स-रे मागितलेत,
त्यात एका ओळीत सगळं आहे:
अर्धशिशीच, पण डोकं सोडून चेहऱ्यात उतरलेली.
वरच्या मजल्यावरचा भाडेकरू
जिना उतरून खाली राहायला आला होता.
सवयी त्याच, अंधार हवा, आवाज नको,
फक्त दाराचा नंबर बदललेला.
आणि मी बिचाऱ्या शेजाऱ्यांना
एकेक करून घराबाहेर ओढत होतो, चिमट्याने.

पत्रात माझ्यावर ठपका नाही.
असता तर बरं झालं असतं.

तीन महिने तू वहीत लाल पेन्सिलीने खुणा केल्यास म्हणे,
आता ठोका सुरू होतानाच गोळी घेतेस
आणि बहुतेक वेळा तासाभरात पडदे उघडतेस.
बहुतेक वेळा. तेही तिने प्रामाणिकपणे लिहिलंय.
गुरुवारी तू माझ्याकडे येशील,
रिकाम्या जागी खोटे दात बसवायला.
त्याचे पैसे मी घेणार नाही. भांडू नकोस.
बाटलीचं काय करायचं, ते अजून ठरत नाही.

काल बंदरावरचा एक पोऱ्या आला, डावा जबडा धरून.
हत्यारं ट्रेमध्ये मांडलेली होती.
मी डोक्यावरचा दिवा विझवला
आणि अंधारात त्याला विचारलं,
घरी दुखतं तेव्हा काय करतोस रे?
तो घाबरला. म्हणाला, काही नाही, फुटबॉल खेळतो,
थंड पाणी प्यालं की मात्र जीव जातो.
दिवा लावला. पाहिलं.
दाढ किडलेली होती, काळी, खोलवर,
आणि नेवेन्का, इतक्या वर्षांत
कीड पाहून मला असा आनंद
कधी झाला नव्हता.