जॉबकार्डाच्या पाठीवर

उद्यमबागेत पाळी सुटायच्या आधी
एका जुन्या जॉबकार्डाच्या कोऱ्या पाठीवर
तेलकट बोटांनी मी लिहिलं :
गुरुवार, कोलंबो.
मग शिल्लक रजा मोजली,
रविवार धरून पाच दिवस.

एकोणतीस वर्षं पंपाची कवचं कापतोय.
खोक्यांवर ‘कोलंबो बंदर’ हा शिक्का
मीच मारलाय, किती तरी वेळा,
आणि शाई पुसलीय चड्डीच्या मागं.

शेजारच्या लेथवरचा शिवपुत्र म्हणाला,
‘रावणाच्या गावाला? वहिनीला घेऊन?
जरा बघून हो माराया.’
लोखंडाचा कीस उडत होता,
हसताना तोंड मिटून हसावं लागतं तिथं.

रात्री प्रेमला कागद दिव्याखाली धरते.
बेळगाव ते बेंगळूर, रात्रभर.
बेंगळूर ते कोलंबो, दीड तास.
‘म्हणजे परदेश जवळ
आणि आपली राजधानी लांब?’
मी म्हणतो, हळू बोल,
भिंतीपलीकडं रहदारी पोलीस राहतो.

शुक्रवारी समुद्राकाठची गाडी, गॉलपर्यंत,
उजव्या हाताची खिडकी.
उजव्या हाताची, दोनदा अधोरेखित.
तिथं किल्ला आहे, आत माणसं राहतात,
तटावरून चालता येतं म्हणे.
‘किल्ला तर आपल्याकडं पण हाय.
कणबर्गीहून जाताना रोज खंदक बघतासा,
कधी उतरलासा?’
नाही उतरलो.
शनिवारपुढं मी ‘किल्ला, सावकाश’ लिहितो
आणि कुठला ते लिहीत नाही.

अडलं होतं ते नावावर.
शाळेच्या दाखल्यात यल्लाप्पा,
रेशनकार्डावर कन्नडात एल्लप्पा,
बँकेत इंग्रजीतून कुणी तरी एक पी खाल्लेला.
खिडकीतला कारकून वाईट नव्हता.
तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून म्हणाला,
‘यातले तुम्ही कोण?’
पाच थाऊ कमीजास्त चालतं, मी म्हणणार होतो,
बुश बसतो तरी.
म्हटलं नाही.
प्रतिज्ञापत्र केलं. माझी सही मराठीत,
साक्षीदार शिवपुत्र, त्याची कन्नडात,
आणि दोघांच्या मधोमध नोटरीचा
गोल, जांभळा, थोडा फाटका शिक्का.
आठ आठवड्यांनी निळं पुस्तक आलं.
आईनं हाक मारलेलं नाव त्यात
परक्या अक्षरांत होतं,
पण एकही अक्षर गळालेलं नव्हतं.

स्नेहल फोनवर फोटो दाखवते.
तिथल्या पाट्यांवर तीन लिप्या, एकाखाली एक.
ती हॉटेल बघत असते, भाडं बघत असते,
मी बघतो कुठली वर, कुठली खाली,
कुठल्या अक्षरांवर कुणी डांबर फासलंय का.
इकडच्या माणसाची ही सवय
विमानातही बरोबर येणार,
तिचं वजन कुणी धरू नये म्हणजे झालं.

प्रेमलानं समुद्र एकदाच पाहिलाय,
कारवारला, मावशीच्या बाराव्याला गेली तेव्हा.
पाय न भिजवता परत आली.
तिच्या यादीत तीन गोष्टी :
शेंगाची चटणी, गुडघ्याचं मलम
आणि कुंद्याचा डबा, अर्ध्या किलोचा.
‘कुणाला? तिथं आपलं कोण हाय?’
‘अवो, पाच दिवस राहणार,
कुणी तरी होईलच की.’

सोमवारी परत.
रविवारपुढं मी लिहिलं होतं :
मातारा, जमलं तर.
आज बघतो तर तिनं ते खोडलंय
आणि वर, दुधाचा हिशेब लिहिते त्या पेन्सिलीनं :
बसणं. पाण्यात पाय.

कागद उलटा करून मी खिशात ठेवतो.
पुढच्या बाजूला अजून तसंच आहे,
कवच, सहा इंची, नग चाळीस,
तपासणाऱ्याची सही.
आमच्या आधी पोचलेत.