उणे पाणी

गावाचं नाव सूर.
आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यावर एक कोटी केली होती,
समजायला कुणी नव्हतं.

रात्रपाळी. समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना.
तीन नंबरची टाकी पडद्यावर म्हणते:
उणे बत्तीस हजार सातशे अडुसष्ट घनमीटर.
उणे पाणी म्हणजे काय, मी खमीसला विचारतो.
तो म्हणतो, बँकेत असतं तसं असेल.
मग टॉर्च आणि दोरी घेऊन शिडी चढतो
आणि वरून ओरडतो, भरून वाहतेय!

पंपांना कोण सांगणार?
त्यांचा विश्वास पडद्यावर.
टाकी रिकामी समजून ते ओतत राहिले,
मी हाताने बंद करेपर्यंत
सत्तर टँकर गोडं पाणी दगडांत गेलं.

मी आटपाडीचा. टँकर मला मोजता येतात.

सॉफ्टवेअर खुलं आहे.
कंपनीचा डेन्झिल दुबईहून आला तेव्हा
खुलं हा शब्द त्याने अकरा वेळा उच्चारला, हात पसरून.
खरंच खुलं आहे. मी आत जाऊन आलो.
दाराला कुलूप नाही, घरात माणूस नाही,
चुलीवर काहीतरी अर्धवट शिजलेलं,
आणि भिंतीवर कोळशाने खरडावी तशी टीप:
हे का चालतं माहीत नाही. हात लावू नये.
खाली सही नाही. तारीख आहे, सहा वर्षांपूर्वीची.
चाचण्यांच्या फोल्डरमध्ये एकच फाइल.
ती तपासते की एक बरोबर एक.
दर वेळी पास होते.

चूक सापडायला चाळीस मिनिटं लागली.
आकडा ठेवायला त्यांनी वाटी घेतलीय.
बत्तीस हजार सातशे सदुसष्ट मावतात,
पुढचा एक पडला की वाटी पालथी.
घागर घ्या, एवढंच म्हणायचं होतं.
एक ओळ. लिहिली, चालवून पाहिली, पाठवली.

उत्तर यंत्राने दिलं: आभार.
चार महिन्यांनी दुसऱ्या यंत्राने:
हालचाल नसल्यामुळे प्रकरण बंद करत आहोत.
हालचाल कुणाची?

इथल्या इथे बदलावं, तर करारातलं कलम सतरा:
हात लावलात तर पुढचं तुमचं तुम्ही.

डेन्झिल मूळचा वसईचा, फोनवर मराठीत हसतो.
सर, धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात.
गाय धर्माची असेल रे,
वैरणीचं बिल दर जानेवारीला रियालमध्ये येतं.
तो म्हणाला, पुढच्या आवृत्तीत बघू.
पुढच्या आवृत्तीत बटणं निळी झाली.

खमीसचे मामा खाडीकाठी गलबतं बांधायचे.
कागद नाही, नकाशा नाही,
सगळी विद्या त्यांच्या टाळूखाली, पक्की बंद.
पण गलबत पाण्यात ढकलायच्या आधी
भर दुपारी म्हातारा आत उतरायचा,
वरून ताडपत्री ओढून घ्यायचा
आणि अंधारात बसून राहायचा,
फळ्यांमधून उजेडाची रेघ येते का बघत.
आली, तर उतरणं रद्द.
बोलावणी गेलेली असोत,
बकरा कापलेला असो.

हे खमीस सांगत होता तेव्हा
मला ती एक बरोबर एक वाली फाइल आठवली,
आणि मी चहा ओतून टाकला, चांगला असून.

नऊ दिवसांनी तीन नंबरच्या मागे गवत आलं.
घोंगडीएवढं, फार नाही.
कुणाच्या तरी दोन शेळ्या कुंपणाखालून येतात,
खमीस त्यांना हाकलत नाही.
मी पाठवलेलं ठिगळ अजून तिकडे पडून आहे,
हे मात्र लागलं.

आता आकडा बत्तीस हजारांजवळ आला
की खमीस चपला काढतो, शिडी चढतो.
वरून दोरीचं माप सांगतो,
मी वहीत पेनाने लिहून घेतो,
आधी अधिकचं चिन्ह काढून.