मूळ देश

निविदेच्या एकशे बाराव्या पानावर एक रकाना आहे : मूळ देश.
जाकिटाच्या चेनचा, बटणाचा, त्या चकाकणाऱ्या पट्टीचा.
कुठल्या बंदरातून निघाली, कुठल्या बोटीत चढली,
मधे दुबईत कुणी खोका बदलला का,
बंदी घातलेल्या गिरणीचं नाव खरवडून
वर दुसरं लेबल तर नाही ना.
बॅलार्ड इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर
एकवीस वर्षं मी हेच वाचते.

पुढचं परिशिष्ट सोपं. एकच पान.
'आमच्या कामावर कुणीही सक्तीने आणलेले,
विकत घेतलेले अथवा डांबून ठेवलेले नाही.'
खाली सही, गोल शिक्का.
ह्याला जोडपत्र लागत नाही.

साकीनाक्याला गेले, खैरानी रोडच्या आत,
जिथे गल्ली खांद्याएवढी होते.
तेवीस मशीनं. रात्रपाळीच्या सफाई कामगारांसाठी
नारिंगी जाकिटं, चार हजार, एकतीस तारखेच्या आत.
खिडकीला जाळी, जाळीला धाग्यांची लव.
हजेरीपटावर तेवीस अंगठे,
प्रत्येकावर तीच तिरपी चीर.
चहा घ्या मॅडम, म्हणत मुकादम मिसाळनं कप पुढे केला,
तेव्हा ती चीर मला परत दिसली.

एका मुलीला विचारलं, नाव?
बिरसमुनी.
वय? तिनं मिसाळकडे पाहिलं. एकोणीस.
आधार कार्ड? शेठच्या कपाटात. जपून ठेवलंय.
गाव?
ह्याला मात्र ती माझ्याकडे बघून बोलली.
शेजारचं मशीन चालू होतं, ऐकू आलं नाही.
परत विचारलं तर म्हणाली, मुंबई.

सक्तीचा पुरावा नाही, साहेबांनी लिहिलं.
अंगठ्यांबाबत खुलासा मागवावा.
खुलासा आला :
सुई सगळ्यांनाच लागते.

मग मी चेन धरली.
बोटीच्या पावतीवर नऊशे किलो,
जकातीच्या कागदावर सहाशे चाळीस.
मागे मागे जात त्या गिरणीपाशी पोचले,
बंदीच्या यादीत सतरावी ओळ.
एका दुपारीत कंत्राट थांबलं.
वरून फोन आले, शाबासकी आली, कुणीतरी पेढे आणले.
माणसांसाठी तसूभर न हललेलं दार
पितळेच्या दातांनी उघडलं.

किंवा लागलं.
सोमवारी गेले तर कुलूप.
जाळीतून दिसत होती नुसती फरशी
आणि नारिंगी धाग्यांचे तुकडे.
समोरचा भंगारवाला म्हणाला, रात्री टेम्पो आला होता.
कुठे गेल्या?
त्यानं हात असा फिरवला,
सगळी मुंबई त्यात आली.

चेनचा पुरता माग माझ्याकडे आहे :
नऊ कागद, चार बंदरं, तारीखवार.
फायलीच्या पुठ्ठ्यावर आतून, पेन्सिलीनं,
मी आणखी एक रकाना आखलाय.
नाव लिहिलं. गाव राहिलंय.
तिचे ओठ मात्र आठवतात,
पहिल्या अक्षराला मिटले होते.
प असेल. ब असेल.
म नसावं.