टोकाचा नळ

शर्ट काढा काका, डाव्या कुशीवर व्हा.
जेल गार आहे, हे मी सगळ्यांना आधी सांगते
तरी सगळे दचकतात.
रायाजीकाका दचकले नाहीत.
जानेवारीत पहाटे साडेपाचला
रस्त्यातल्या खड्ड्यात कोपरापर्यंत हात घालून
पस्तीस वर्षं त्यांनी म्युनिसिपालटीचे व्हॉल्व्ह फिरवले,
डांडिया बाजारच्या आमच्या गल्लीला आजव्याचं पाणी सोडलं.

त्यांची चावी माझ्याहून उंच होती.
ती खांद्यावर टाकून ते कोपऱ्यावर वळले
की आई ओरडायची, उठा, पाणी आलं.
तेव्हाही वास यायचा त्यांच्याजवळ.
आम्हाला तो चावीचा वाटायचा,
ओल्या लोखंडाचा.

केसपेपरवर एक रकाना आहे: व्यसन.
कुमुदकाकूंनी सांगितलं, नाही.
या राज्यात सगळेच नाही सांगतात.
दुकान नाही, पाटी नाही,
तर पिणारा कुठून येणार?
वाडीच्या मागून पिशवी येते,
मोपेडच्या डिकीतून क्वार्टर येते,
रकान्यात काही येत नाही.

मी प्रोब टेकवते.
करड्या धुक्यात डावा कप्पा.
मुठीएवढं असतं म्हणतात काळीज;
ही मूठ उघडी पडलीय, वळतच नाही.
भिंत पातळ. आकुंचन म्हणावं
तर नुसते खांदे उडवल्यासारखं.
दोन ठोके घाईघाईने, मग एक विसरलेला.
शंभरातलं बावीस पुढे जातं,
बाकीचं तिथेच घुटमळतं.

"वायसर गेलाय काय गं?"
मी बोलायचं नसतं. बोलायचं डॉक्टरांनी.
पण काकांनी विचारलं होतं पाण्याच्या भाषेत.
झडप चांगली आहे, म्हटलं, चौकट रुंदावलीय.
दोन फळ्या एकमेकींना पोचत नाहीत,
म्हणून मागे गळतं.
"प्रेशर?"
कमी.
"मग टोकाच्या नळाला काय जात असेल,"
असं म्हणून त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं.

पाय टम्म. मोज्याची वीण घोट्यावर उठलेली.
बोट दाबलं तर खळगा राहतो,
आणि सावकाश, फार सावकाश भरतो.
रात्री तीन उशा लागतात. आडवं झालं
की कुणी टाकीत बुडवल्यासारखं होतं.
जिथे हवं तिथे जात नाही, नको तिथे साचतं:
हेच तर लोक म्हणायचे दर मे महिन्यात,
शिव्या घालून, काकांनाच.

काकू बिल भरायला गेल्या तेव्हा मी विचारलं,
रोज किती?
काकांनी बोटं दाखवली.
मी मोजली.
लिहिली नाहीत.

संध्याकाळी डॉक्टर मात्र सरळ बोलले.
दारूनंच झालंय. स्नायू वर्षानुवर्षं भिजत राहिला, सैल पडला.
पूर्ण सोडली तर कधीकधी थोडा आवळतो.
कधीकधी, ते दोनदा म्हणाले.

पाच महिन्यांनी बावीसचे एकतीस झाले.
काका पेढे आणत होते, काकूंनी आणू दिले नाहीत.

परवा गल्लीत गेले होते.
काका ओट्यावर, शेजारी तांब्या.
दिवसाला दीड तांब्या, त्यातच चहा, त्यातच वरण.
ज्यांनी साऱ्या गल्लीची पिंपं भरली
ते घोट मोजत बसलेले.
नवा पोऱ्या व्हॉल्व्हवर उशिरा येतो, म्हणाले.
मग हात वर करून मला गप्प केलं.
मला काहीच ऐकू येत नव्हतं.
"आलं," ते म्हणाले,
आणि मिनिटभरानं समोरच्या शेवटच्या नळाला
करंगळीएवढी धार.

काकू आत वळल्या तसा मी तांब्या उचलला,
नाकाशी नेला.
काकांनी पाहिलं. रागावले नाहीत.
"आजव्याचंच आहे गं."
कशाचाच वास नव्हता.
लोखंडाचाही.