बसलेला हात

अकरा महिने गोदीत एकही जहाज आलं नाही.
अकरा महिने मी ग्दिनियातल्या हॉटेलांच्या
चादरींच्या घड्या करत होते.
कोपऱ्याला कोपरा, झटका, पुन्हा कोपरा.

आज झेनोननं वेल्डिंगच्या चाचणीची पट्टी पुढ्यात ठेवली.
"याद्विगा, तुला काय सांगायचं," म्हणाला,
आणि पाठ फिरवून उभा राहिला, भल्या माणसासारखा.

काच खाली. ठिणगी.
रॉड चिकटला.
हिसकून काढला, टेकवला. पुन्हा चिकटला.

एकोणीस वर्षं बसलेला हात
कधी उठून गेला, कळलंच नाही.
निरोप नाही, दाराचा आवाज नाही.

मला सगळं आठवतं:
किती अँपिअर, कुठला कोन,
वितळलेल्या थेंबाला मागून कसं हाकायचं.
नव्या पोराला अजून शिकवीन, तोंडानं.
पण सांगता न येणारं काहीतरी होतं
मनगट आणि श्वास यांच्या मधे,
ते कुठे लिहून ठेवलं नव्हतं.

हातोडीनं खपली फोडली.
खाली जोड नागमोडी, भोकाभोकांचा.
शिकाऊ होते तेव्हा माझे असेच असत;
तेव्हाचे मास्तर त्यावर थुंकत.

झेनोन थुंकला नाही. तेच जास्त लागलं.
त्यानं दुसरी पट्टी ठेवली.
शेजारी तिसरीही.

हातमोजा काढला. तळवा मऊ,
साबणाचा वास.
बाकावरचं फडकं न बघताच उचललं,
कोपऱ्याला कोपरा, झटका,
किती सफाईनं!

घडी मोडली.
काच खाली घेतली.