डावं पाऊल

तळघराच्या खाली अजून एक तळघर आहे. तिथे आमचं यंत्र,
ग्रॅनाइटच्या शिळेवर चार स्प्रिंगांना टांगलेलं.
दारावर ओस्मोच्या हातची पाटी:
बाळ निजलंय. खोकायचं असेल तर जिना चढून जा.

ओउलूत जानेवारीत सूर्य दहाला उगवतो
आणि अडीचला आटोपतो.
आम्हाला त्याचं सोयरसुतक नाही. आमचं काम रात्रीचं,
शेवटची बस गेल्यावर, लिफ्ट गप्प झाल्यावर.

सुई ओस्मोच कापतो.
प्लॅटिनमची तार, साधी पक्कड.
तिरकी धरायची आणि कापता कापता ओढायची,
शिवण संपल्यावर दोरा तोडतात तशी.
पाचांतली एक साधते. का, ते त्यालाही ठाऊक नाही.
टोकाशी एकच अणू उरला पाहिजे,
एकटा, पुढे झुकलेला,
आडात डोकावणाऱ्या पोरासारखा.
तीस वर्षं झाली, ओस्मोने तो डोळ्यांनी पाहिलेला नाही.
'हाताला कळतं,' म्हणतो, आणि नाक पुसतो.

खाली सोनं.
अभ्रकावर धरलेला पापुद्रा,
किंमत विचारली तर सोनार हसेल.
सुई त्यावरून फिरते, न टेकता.
टेकली तर मोडली, लांब गेली तर आंधळी.
मधलं अंतर सांगू?
एका केसाचे ऐंशी हजार उभे काप करा,
त्यातला एक उचला.
तोही जाड पडेल.

ओळीमागून ओळ, नऊ मिनिटांना एक चित्र,
आणि पडद्यावर हळूहळू
सिलक्का मासळीच्या काट्यांसारखी सोन्याची वीण.
मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा जेवायची विसरले होते.

पण रोज रात्री पावणेतीनला चित्र बिघडायचं.
आडव्या रेघा.
एक फिकी, एक गडद.
एक फिकी, एक गडद.
आम्ही आधी पंपावर संशय घेतला,
मग तारांवर, मग एकमेकांवर.
मी स्प्रिंगा बदलल्या. ओस्मोने पन्नास सुया कापल्या
आणि पन्नासांनाही नावं ठेवली.
विभागप्रमुखांनी पत्रात 'शिस्त' हा शब्द दोनदा लिहिला.

शेवटी एका रात्री मीच जिना चढून गेले.
पहिल्या मजल्यावर राकेल पेसोनेन फरशी पुसत होती.
कानात रेडिओ. पायांत जाड लोकरीचे मोजे.
बूट दाराशी, जोडीने, काढून ठेवलेले.
'पाटी वाचली ना मी,' ती कुजबुजली,
'खाली कुणाचं तरी बाळ असतं.'

तिला खाली आणलं. चित्र दोनशे सतरा उघडलं.
सोन्याकडे तिने पाहिलंच नाही.
गडद रेघेवर बोट ठेवलं:
'हे डावं.
खुब्याचं ऑपरेशन झालं त्या हिवाळ्यापासून जड पडतं.
डॉक्टर म्हणतो, भास आहे, चाल तुमची अगदी सरळ.'
मग बराच वेळ ती रेघा वाचत राहिली.
इथे थांबले होते, म्हणाली. इथे बादली बदलली.
इथे काही नाही, नुसतीच खिडकीशी उभी होते.
ओस्मो पक्कड हातात घेऊन मागे उभा,
पहिल्यांदाच काही न बोलता.

आता ती संध्याकाळी सातला येते, बूट घालून.
आमची चित्रं निर्मळ झाली.
मे महिन्यात लेख छापून आला: अकरा आकृत्या,
काट्याला काटा जुळलेला,
आणि कुठल्याच आकृतीत कुणी चालत नाही.

दोनशे सतरा मी राकेलला छापून दिलं होतं.
चार घड्या घालून ती ते दवाखान्यात घेऊन गेली.
डॉक्टरने उलटं धरलं, म्हणाली,
आणि विचारलं, बाई,
हे माशाचे काटे मला कशाला दाखवताय?