बल्ब विझला नाही

तुर्भ्याच्या भंगारवाल्याने दोन्ही ट्रान्सफॉर्मर एकाच गोणीत घातले,
किलोचा भाव लावला.
एकावर लिहिलेलं पंधरा हजार व्होल्ट, दुसऱ्यावर नऊ,
नऊवाल्याच्या पोटातून डांबर ओघळून सुकलेलं.

गोमती लॉजच्या पाटीमागे होते हे, तो म्हणाला.
थोरला ‘गोमती’ पेटवायचा, धाकटा ‘लॉज’.
लॉज पडलं, पाटी उतरली, काचेच्या नळ्या वाटेत फुटल्या.
हे उरले. लोखंड आणि तांबं कुठे जातंय.

मला ठिणगीची शिडी करायची होती:
सायकलचे दोन आरे, खाली जवळ, वर फाकलेले,
आणि मधून चढत जाणारा जांभळा जाळ.
एकट्याचा जाळ बारीक वाटला, म्हणून म्हटलं
दोघांना पॅरललमध्ये जोडू, जोर दुप्पट होईल.
पहिलीतल्या बेरजेवर असतो
तेवढा विश्वास.

रबाळ्याचा गाळा. रात्रपाळीचा डबा संपलेला.
शंभरचा बल्ब सिरीजला, डावा हात खिशात,
खाली रबराची चटई.
बटण दाबलं.

पुढे काहीच जोडलेलं नव्हतं. आरे अजून पिशवीतच.
तरी बल्ब भक्कन पेटला.

बंद केलं. धाकट्याची दोन टोकं उलटी लावली.
आता बल्ब मंदावला,
लाल, आजारी डोळ्यासारखा,
पण विझला नाही.

सुगंधा घरत चहाची किटली घेऊन दारात.
कळव्याच्या कारखान्यात सव्वीस वर्षं वाइंडिंग केलेलं,
अंगठ्याच्या नखात अजून वार्निशचा पिवळेपणा.
किटली ठेवली. उंबऱ्यावरूनच कान दिला,
शिजत्या भाताला देतात तसा.
“यांचं येढं सारखं नाय,” म्हणाल्या.
“थोरला ढकलतंय, बारका झेलतंय.
भायेर काम नाय, काय नाय,
दोघांतच फिरतंय.”

जळतील का, मी विचारलं.
“तापतील. बारक्याचं डांबर आधी सुटंल.”

प्लग काढायला लावला. मग वाट बघायला लावली.
मग पालथ्या हाताने एकेकाचा ताप पाहिला,
धाकट्यापाशी जरा जास्त वेळ.

“पाटीत कशी होती रं जोडणी?”

मी गोणीतून कापलेल्या तारांची टोकं काढली,
गाळ्याच्या पिवळ्या उजेडात रंग लावून पाहिले.
वेगळ्या होत्या. लॉजच्या सगळ्या वर्षांत
एकाच पत्र्याला, एकाच नटाबोल्टने आवळलेले
आणि ज्याची त्याची अक्षरं.

सुगंधाबाई काही बोलल्या नाहीत. चहा ओतला.
त्यात आलं जास्त झालेलं.

मी आणखी दोन आरे कापले.
पहाटे साडेतीनला दोन शिड्या उभ्या,
मध्ये चांगलं दोन हात अंतर, दोन प्लग, दोन बटणं.
थोरल्याचा जाळ खालून निघाला, टोकापर्यंत गेला,
फाटला, पुन्हा खालून.
धाकट्याचा अर्ध्यावर जाऊन तुटायचा
आणि म्हणून जास्त वेळा निघायचा.
हवेत झेरॉक्सच्या दुकानातला वास.

“हा गोमती,” सुगंधाबाई म्हणाल्या, लांबूनच,
“न् ह्यो लॉज.”

किटली उचलली, तरी निघाल्या नाहीत.
मधेच एकदा, काही ठरवलेलं नसताना,
दोन्ही जाळ एका उंचीला आले.
मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांना दिसलं का म्हणून.
त्या कप मोजत होत्या.